बाजाराच्या दिवशी ज्येष्ठांसाठी आरोग्य मदतकक्ष: कार्डापासून गोळ्यांपर्यंत काय काय सांगावं?

संघसचिव

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्यात ज्येष्ठ नागरिक संघातर्फे दर बाजाराच्या दिवशी मदतकक्ष चालवायचं ठरलंय. जागा ग्रामपंचायतीची, बसणारे दोन निवृत्त शिक्षक आणि संगणक येणारा एक मुलगा. येणारे बहुतेक ६५ ते ८५ वयाचे, कोरडवाहू शेतीवाले किंवा मजूर. निम्म्या घरांतली मुलं-सुना दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर घरात म्हातारी माणसं आणि नातवंडं. जिल्ह्याचं ठिकाण लांब आहे.

चार गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

१) वय वंदना कार्ड आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना, यांत कोणाला काय लागू? ७० च्या आतल्यांचं काय?
२) ठसे उमटत नाहीत आणि आधारला जोडलेला मोबाइल मुलाच्या खिशात, तो कारखान्यावर. अशांची कार्डं कशी काढायची?
३) रुग्णालय ‘योजनेत बसत नाही’ म्हणून परत पाठवतं. तेव्हा नेमकं काय विचारायचं?
४) बीपी-शुगरच्या गोळ्या या कार्डावर मिळतात का?

जाहिरातीत असतं तेवढं आम्हालाही ठाऊक आहे. प्रत्यक्षात गाडी कुठे अडते ते हवंय. एका पानाचं पत्रक छापणार आहोत.

---

सेतूकेंद्र

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे दाखल होऊन घेतलेले उपचार त्यात येतात. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून लागू, थांबायचा काळ नाही. घर आधीच आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य योजनेत असेल तर ७० वरच्यांना घरच्या रकमेशिवाय वेगळे ५ लाख. पण हे ५ लाख माणशी नाहीत, घरातल्या ७० वरच्या सगळ्यांत मिळून आहेत. आजोबा ७६ आणि आजी ७१ असतील तर दोघांत एकच रक्कम. आजी ६६ च्या असतील तर आजोबा या रकमेत आणि आजी घरच्या रकमेत.

७० च्या आतल्यांना राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना. जुलै २०२४ पासून ती पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि मर्यादाही दीड लाखावरून ५ लाखांवर नेली आहे. इथे रक्कम कुटुंबाची.

निवृत्त केंद्रीय कर्मचारी (सीजीएचएस) आणि माजी सैनिक (ईसीएचएस) यांना आपली आधीची योजना किंवा वय वंदना यांपैकी एक निवडावी लागते. अर्जात तो प्रश्न येतो. घाईत ‘पुढे’ दाबू नका, आधी पेन्शनची कागदं बघा. खासगी विमा किंवा ईएसआयसी (कामगारांचा राज्य विमा) असलेल्यांना मात्र काहीही न सोडता कार्ड काढता येतं.

मदतकक्षाच्या दृष्टीने वय वंदना आणि जनआरोग्य यांत मोठा फरक आहे तो पडताळणीचा. ७० वरच्यांना फक्त आधार पुरतो, वयही आधारवरूनच धरतात. ७० च्या आतल्यांचं नाव शिधापत्रिकेच्या नोंदीशी जुळावं लागतं आणि घोळ तिथे होतात. आधारवर ‘पार्वती’, रेशनवर ‘पार्वतीबाई’. आधारवर माहेरचं आडनाव, रेशनवर सासरचं. मुलांनी रेशनकार्ड विभक्त केलं आणि म्हातारीचं नाव दोन्हीकडून गळलं, असंही होतं. रेशनचं ई-केवायसी राहिलं असेल तर आधी ते उरका. म्हणून कक्षात पहिलं काम: आधार आणि शिधापत्रिका शेजारी ठेवून नाव, वडील/पतीचं नाव आणि जन्मवर्ष अक्षर अन् अक्षर ताडून बघा, चुकीला लाल पेनाने खूण करा. दाखल व्हायच्या दिवशी ही चूक सापडली तर तिथे कोणी दुरुस्त करून देत नाही.

ठशांबद्दल. खुरपणी, भांडी, विटा यांत आयुष्य गेलेल्या हाताची रेघ झिजलेली असते, त्यात यंत्राचा दोष कमी. हात ओल्या फडक्याने पुसा, कोरडे करा, चिमूटभर खोबरेल बोटांना चोळून पुन्हा पुसा, यंत्राची काचही पुसा. सगळे अंगठ्याचाच हट्ट धरतात, पण अंगठा सर्वांत जास्त झिजतो. अनामिका, मधलं बोट करून बघा. तरी नाहीच जमलं तर आणखी तीन वाटा आहेत: आधार ओटीपी, बुबुळ आणि चेहरा.

चेहऱ्याची वाट म्हाताऱ्यांसाठी सर्वांत सोयीची, कारण तिला मोबाइल जोडलेला असावा लागत नाही. ज्या फोनवर आयुष्मान ॲप आहे त्यावर आधारचं चेहरा ओळखणारं ‘फेस आरडी’ ॲपही घालून ठेवा. माणसाला सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसवा, मागे खिडकी नको, चष्मा आणि टोपी काढा, पदर मागे घ्या, डोळे मिटून उघडायला सांगा. तरी जुळत नसेल तर बहुतेकदा आधारवरचा फोटो खूप वर्षांपूर्वीचा असतो: तेव्हा दात होते, गाल भरलेले होते. अशांना आधार केंद्रावर नेऊन फोटो आणि ठसे नव्याने नोंदवून आणावेच लागतात, त्याला आडवाट नाही.

ओटीपीने करायचं तर लक्षात ठेवा, ॲपमध्ये शिरतानाचा ओटीपी कक्षाच्या फोनवर येतो आणि आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर. बसणारे शिक्षक या दोहोंत गोंधळतील. कारखान्यावरच्या मुलाला आदल्या संध्याकाळी वेळ सांगून ठेवा. हल्ली फसवणुकीच्या फोनमुळे मुलं ओटीपी द्यायला तयार नसतात आणि ते बरोबरच आहे, तेव्हा आधी आईला किंवा वडिलांना बोलू द्या. कायमचा उपाय म्हणजे आधारला घरातला, गावात राहणारा क्रमांक जोडणं. त्याला कागदपत्र लागत नाही. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेची सेवा असलेला पोस्टमन घरी येऊनही ते करून देतो, शुल्क आधारचं जे असेल ते.

जमलं तर कार्डांचं शिबिर दसऱ्याच्या आधी घ्या. मुलं गावात, फोन गावात.

कार्डाला सरकारी शुल्क नाही. छापील प्रत काढून द्या, कारण दवाखान्यात म्हातारा माणूस ॲप उघडून दाखवत बसत नाही.

---

तिरकस

कार्ड वाटायची शिबिरं होतात, फोटो निघतात. म्हाताऱ्या माणसाचा खर्च होतो महिन्याच्या गोळ्यांवर, तपासण्यांवर आणि जायच्या भाड्यावर. दाखल होणं वर्षातून एखाद वेळी. बाह्यरुग्णाचा एक रुपयाही या कार्डात नाही. मग पत्रकात कार्ड सगळ्यांत वर कशाला?

---

जुना आरोग्यमित्र

तिरकस यांचा मुद्दा खरा आहे, कार्डाने गोळी मिळत नाही. पण खुब्याचं हाड मोडलं, झटका आला, डायलिसिस लागलं की त्याच एका वेळेत जमीन गहाण पडते. पत्रकात दोन्ही हवं.

आता तिसरा प्रश्न. ‘बसत नाही’ या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळी उत्तरं लपलेली असतात आणि प्रत्येकावर उपाय वेगळा. काउंटरवर वाद घालत बसू नका, शांतपणे एकेक विचारा.

रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का? नसेल तर तिथे वेळ घालवू नका. यादीत आहे, पण या विशेष शाखेसाठी आहे का? हृदयासाठी नोंदलेलं रुग्णालय हाडांसाठी नोंदलेलं असेलच असं नाही. शाखा आहे, पण हा उपचार यादीत आहे का, आणि असला तर तो फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेला आहे का? असे राखीव उपचार बरेच आहेत, अशा वेळी खासगीवाला खोटं बोलत नसतो. त्याने सरकारी रुग्णालयाकडे चिठ्ठी द्यायला हवी, ती मागून घ्या. चौथं, रुग्णाची कागदं जुळत नाहीत का? वर सेतूवाल्यांनी लिहिलंय तेच. पाचवं, खाट खरंच नाही का, की योजनेच्या रुग्णाला नाही?

उत्तर आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाकडून घ्या, बाहेरच्या काउंटरवरून नको. योजनेच्या यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचा कक्ष असतो. तो हजर नसेल तर १५५३८८ (महात्मा फुले) किंवा १४५५५ (आयुष्मान) लावा आणि रुग्णालयाचं नाव, रुग्णाचं नाव, आजार आणि काय सांगितलं गेलं ते नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. नुसतं ‘फोन केला होता’ म्हटल्याने पुढे काही होत नाही, क्रमांक असला तर होतं. जिल्हा समन्वयक आणि त्याच्या वर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती असते.

‘अशक्तपणा आहे, दोन दिवस ठेवून तपासण्या करू’ हे कोणत्याच योजनेत बसत नाही. फक्त तपासणीसाठी दाखल करणं चालत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत इथे गैरसमज फार होतात. न्यूमोनियामुळे आलेला अशक्तपणा आणि नुसता अशक्तपणा यांत योजनेच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. म्हणून डॉक्टरांच्या कागदावर निदान लिहून घ्या, ‘जनरल वीकनेस’ नको.

दाखल झाल्यावर क्रम असा: आरोग्यमित्राकडे नोंदणी, डॉक्टरची तपासणी, आवश्यक तपासण्या, मग ऑनलाइन पूर्वपरवानगी, मग शस्त्रक्रिया. परवानगीच्या आधी रुग्णालय ‘तोवर भरा, नंतर परत देतो’ म्हणतं. भरू नका, आणि भरावेच लागले तर पावतीशिवाय नको. पावती द्यायला नकार आला की समजून घ्यायचं. तातडीच्या रुग्णाला फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे, कागद नंतर देता येतात. छातीत दुखणाऱ्याला रेशनकार्ड आणायला परत पाठवणं चुकीचं आहे.

सर्वांत जास्त पैसे उकळले जातात ते ‘चांगल्या कंपनीचा रॉड’, ‘परदेशी स्टेंट’ या नावाखाली. पॅकेजच्या, म्हणजे योजनेने त्या उपचारासाठी ठरवलेल्या रकमेत शस्त्रक्रिया, भूल, औषधं, खाट, रुग्णाचं जेवण आणि शरीरात बसवायची वस्तू सगळं धरलेलं असतं. वरचे पैसे मागणं नियमबाह्य आहे.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर पुन्हा दाखवायची तारीख आणि तोवरची औषधं मोफत असल्याची नोंद बघा. आयुष्मानच्या नियमात सुट्टीनंतर १५ दिवसांची औषधं धरली आहेत, महात्मा फुलेच्या मूळ नियमात १० दिवसांची. म्हाताऱ्यांना हे कोणी सांगत नाही आणि ते बाहेरच्या दुकानातून विकत आणतात. जनआरोग्यमध्ये परतीच्या एसटी भाड्याचीही तरतूद आहे, मागितल्याशिवाय मिळत नाही.

खुब्याबद्दल वेगळं सांगतो, पत्रकात चौकटीत टाका. म्हातारं माणूस पडलं, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि आखूड दिसतोय, उभं राहता येत नाही, तर हाडवैद्याकडे नेऊन दिवस घालवायचे नाहीत. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी. पडून राहिलं की पाठीला जखमा, छातीत कफ, पायात गुठळी यांनी माणूस जातो, मोडलेल्या हाडाने नाही. उशीर होतो तो ‘फिटनेस’साठी, म्हणजे भूल झेपेल का हे ठरवण्यासाठी. जुना ईसीजी, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती शेवटची कधी घेतली, हे सोबत असलं की भूलतज्ज्ञाचा निर्णय लवकर होतो.

---

उपकेंद्रावरची ताई

सचिवकाका, चौथ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. गोळ्या कार्डावर नाहीत, पण कार्ड नसतानाही मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषध सगळं मोफत आहे: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय. वैद्यकीय महाविद्यालयाची आणि महापालिकांची रुग्णालयं यात नाहीत. अनेक जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयच नव्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलं गेलंय. ‘तिकडे तर पैसे घेतात’ ही तक्रार बहुतेकदा तिथली असते, आधी रुग्णालय कोणत्या विभागाचं ते बघा.

उपकेंद्र म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. वैद्यकीय अधिकाऱ्याने एकदा गोळी ठरवून दिली की दर महिन्याची गोळी उपकेंद्रावरून घेता येते, तालुक्याला जायची गरज नाही. गोळी बदलायची असेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांशी बोलून देता येतं. अट एकच, रुग्णाचं नाव असंसर्गजन्य (बीपी-शुगरसारख्या) आजारांच्या नोंदीत हवं. कक्षातून हे काम जरूर करा. औषधांची मागणी नोंदलेल्या रुग्णसंख्येवरून वर जाते. गावात बीपीचे शंभर आणि नोंदीत चाळीस असतील तर औषध चाळीस जणांचंच येणार आणि महिना संपायच्या आत खडखडाट होणार. मग लोक म्हणतात, सरकारी दवाखान्यात गोळी नसते. आशाताईंकडे ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा तपासणी फॉर्म असतो. त्यात आजोबा-आजींची नावं आहेत का, ते विचारा.

गोळ्या संपल्या असतील तर उपकेंद्र, मग प्राथमिक केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय असा क्रम. विकतच घ्यावी लागली तर जनऔषधी दुकानात मूळ औषधाच्या नावाने मागा. पूर्ण ३० दिवसांची मागा, १० दिवसांची देऊन परत बोलावलं की म्हातारं माणूस तिसऱ्या खेपेला येतच नाही.

येणाऱ्याला रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगा, चिठ्ठीपेक्षा पट्टी खरी. वारंवार दिसतं ते असं: सरकारी दवाखान्यातून ॲम्लोडिपिन आणि खासगी डॉक्टरकडून टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिनची जोडगोळी, दोन्ही एकदम चालू. एकच औषध दुप्पट जातं. घोटे सुजतात, उठताना चक्कर येते, माणूस मोरीत पडतं. वर जुना आरोग्यमित्र म्हणतात ते खुब्याचं हाड कितीदा तरी असंच मोडतं.

बीपी मोजताना पाच मिनिटं बसवून मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली आला तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. शिक्षकांना हे शिकवता येतं, यंत्र मात्र दंडावर बांधायचं घ्या, मनगटावरचं नको.

शुगरच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन एकादशी-चतुर्थीचा उपवास केला तर साखर झपकन खाली येते. घाम, थरथर, बडबड, आणि घरचे म्हणतात बाहेरचं लागलं. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. उपवास करणाऱ्यांनी त्या दिवसाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं, मनाने बंद करू नये आणि मनाने चालूही ठेवू नये. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी रोज चालू असेल तर तीही पिशवीत आणायला सांगा. ती बीपी वाढवते आणि मूत्रपिंडावर जाते. वर्षातून एकदा क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी ग्रामीण रुग्णालयात करून घ्या.

मोतीबिंदूला कार्ड शोधत बसू नका. जिल्हा रुग्णालयात आणि नेमून दिलेल्या उपजिल्हा रुग्णालयांत शस्त्रक्रिया मोफत होते, तालुक्याचे नेत्रचिकित्सा अधिकारी तपासून यादी करतात. साखर आणि बीपी आटोक्यात नसेल तर टेबलावरून परत पाठवतात आणि अख्खी फेरी वाया जाते. म्हणून आदल्या आठवड्यात दोन्ही मोजून घ्या.

---

संघसचिव

फार उपयोगाचं. ताई, पट्ट्यांची कल्पना लगेच पत्रकात घेतो. दोन गोष्टी राहिल्या. आमच्याकडून अवघड रुग्ण संभाजीनगर किंवा पुण्याच्या मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयांत जातात, तिथे अनामत मागतात. आणि अंथरुणाला खिळलेल्यांचं काय? ते कक्षात येऊच शकत नाहीत.

---

समाजसेवा अधीक्षक

धर्मादाय रुग्णालयांबद्दल सांगतो, रोजचं काम आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना, यांनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकासाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनाला वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकाला ३ लाख ६० हजार. रुग्णालय आपल्या एकूण बिलांतले २ टक्के वेगळे काढतं, त्या निर्धन रुग्ण निधीतून हा खर्च भागतो.

कागद: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार. म्हाताऱ्यांचा दाखला आधीच काढून ठेवायला लावा, तो आर्थिक वर्षापुरता चालतो, म्हणून दर एप्रिलमध्ये नवा. माणूस दाखल झाल्यावर तहसीलला पळणारं घरी कोणी नसतं, तुमच्याकडे ऊसतोडीच्या काळात तर नसतंच. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेऊन प्रकृती स्थिर करणं रुग्णालयावर बंधनकारक आहे.

रुग्णालयात शिरल्यावर बिलिंगकडे जाऊ नका, वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतो ते विचारा. अर्ज पहिल्या दिवशीच द्या आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्या. बिल तयार झाल्यावर अर्ज दिला की ‘आता सांगताय?’ हे उत्तर ठरलेलं. ‘खाटा भरल्या’ असं सांगितलं तर धर्मादाय खाटांची त्या दिवसाची स्थिती दाखवायला सांगा, ती रुग्णालयाने जाहीर ठेवायची असते. तक्रार त्या जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे, लेखी.

पैशांचा क्रम असा ठेवा: आधी योजना, योजनेत उपचार नसेल तर निर्धन रुग्ण निधी, तरी कमी पडलं तर मुख्यमंत्री सहायता निधी. हा शेवटचा अर्ज रुग्ण दाखल असतानाच करायचा, घरी गेल्यावर झालेला खर्च परत मिळत नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांचं कार्ड घरी जाऊन चेहऱ्याच्या पडताळणीने निघतं. आशाताई आणि उपकेंद्राचे कर्मचारी ते करू शकतात, तुम्हीही फोन घेऊन जाऊ शकता. उपकेंद्राकडे अशांची वेगळी यादी द्या, गृहभेटींत नाव घालायला सांगा. कर्करोग किंवा पक्षाघातामुळे पडून असलेल्यांसाठी जिल्हा रुग्णालयात वेदनाशामक सेवेचा कक्ष असतो. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. एकट्या, टाकून दिलेल्या माणसासाठी ती कामाची आहे.

---

लालपरी

भाड्याचं कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून. ७५ वर्षं पूर्ण झाली की एसटी पूर्ण मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, महिलांना वयाची अट न ठेवता अर्धं. राज्याच्या हद्दीत आणि एसटीच्याच गाडीत, शहर बसला नाही. आधार मूळ ठेवा, वाहक वय बघतो. सोबतच्या माणसाला फुकट नाही, डायलिसिसवाल्यांचं खरं दुखणं तेच आहे: आठवड्याला दोन-तीन फेऱ्या आणि सोबत्याचं भाडं. डायलिसिसची जागा मागताना गाडीच्या वेळा सांगून पाळी मागा. दुपारची पाळी मिळाली आणि शेवटची गाडी चुकली तर स्टँडवर रात्र.

१०८ तातडीला नेते, घरी सोडायला येत नाही.

आणखी एक. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वरच्यांना, घरचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यांसाठी एकदाच ३ हजार रुपये बँक खात्यात येतात. वस्तूची पावती जपून ठेवा, ती मागतात.

---

तिरकस

ठीक आहे, कार्ड वर राहू द्या. पण सचिवसाहेब, संघ म्हणून एक काम करा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ यातलं कलम २० वाचा. सरकारी आणि अनुदानित रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तेवढ्या खाटा, वेगळी रांग, जिल्हा रुग्णालयात अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली वृद्धांसाठी राखीव सोय, हे सगळं त्यात लिहिलंय. त्यात वय ६० आहे, ७० नव्हे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वृद्ध कक्ष आणि प्राथमिक केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांचं क्लिनिक धरलेलं आहे. तुमच्या तालुक्यात तो वार कोणता, एवढंच लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा.

---

उपकेंद्रावरची ताई

हो, आणि अर्ज वैद्यकीय अधीक्षकांना देताना एक प्रत रुग्ण कल्याण समितीच्या नावे द्या. बाक, संडासात धरायची दांडी, चाकाची खुर्ची, मोठ्या अक्षरातला फलक यासाठी समितीकडे खर्चाचे पैसे असतात, वरच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. ‘सोयी नाहीत’ असं मोघम लिहिलं तर फाइल होते. ‘बाह्यरुग्ण विभागाच्या पुरुष संडासात भिंतीला दांडी, एक नग’ असं लिहिलं तर सुतार येतो.

वृद्ध क्लिनिकचा वार ठरवून घेताना बाजाराचाच वार मागा. त्या दिवशी गावागावांतून जीपा येतात, माणसं तशीही तालुक्याला असतात.